रिकामी म्हणू नये

माझ्या सासरी चुलीपाशी एक लोखंडी फुंकणी पडलेली असायची. सिद्रामअण्णा पाणी प्यायला आत आले, की आधी तिच्याकडे बघायचे. तिचं तोंड कुणाच्या दिशेला असलं, तर वाकून डाव्या हातानं ती फिरवायचे आणि भिंतीकडे तोंड करून ठेवायचे. मग पाणी प्यायचे. नवी नवरी होते तेव्हा मला हे पाहून हसू यायचं. फुंकणीतून काय गोळी सुटणार आहे? एकदा सासूबाईंना मी तसं बोललेही. त्या भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. "हसू नको गं," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा थापायला लागल्या.

अण्णा माझे थोरले दीर. जळकोटपासून कोसभर आत आमचं गाव. निजामाचं राज्य होतं. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण अण्णा स्वतःशी बोलायचे ते कानडीत. बैलाच्या खुरातला काटा काढताना, दुधाचं भरलं भांडं उतरवताना त्यांचे ओठ हलायचे, "निधान, निधान." निधान म्हणजे सावकाश. अंगानं उंच, गळ्यात लिंग, बोलणं कमी. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं नव्हती. उरलेल्या दोन बोटांत कासरा अडकवून ते डाव्या हातानं सगळी कामं करायचे. थोरल्या दिरासमोर धाकट्या भावजयीनं पदर पुढं ओढून उभं राहायचं, थेट बोलायचं नाही, अशी रीत होती. त्यामुळं कित्येक वर्षं त्यांचं माझ्याशी बोलणं म्हणजे दाराआडून सासूबाईंना सांगितलेलं, "बाईला म्हणावं, भाजी चांगली झालीया."

ती बोटं कशी गेली, हे मला माझ्या नवऱ्यानं सांगितलं. घरात आजेसासऱ्यांपासूनची एक ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चिंधी, मग छर्रे, वर पुन्हा चिंधी, असं गजानं ठासून भरायची. वर्षभर ती आढ्याला टांगलेली असे. खंडेनवमीला खाली काढायची, पुसायची, झेंडूची माळ घालून पूजा करायची. त्या वर्षी पुसायचं काम अण्णांकडे आलं. त्यांनी वडिलांना विचारलं, "भरल्याली तर न्हाय न्हवं?" वडील म्हणाले, "रिकामी हाय. माझ्या हयातीत कुणी उडवल्याली न्हाय." अण्णांनी गजाला चिंधी गुंडाळून नळीत घातला. मधेच काहीतरी अडलं. कचरा असेल म्हणून त्यांनी जोर केला, बंदूक हिसकली आणि बार उडाला. गज त्यांची बोटं घेऊन गेला. समोर उंबऱ्यात त्यांची बायको, गिरजावहिनी, पूजेचं ताट घेऊन उभी होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिला कुणी उचलायच्या आत ती गेली होती.

अण्णांनी पुन्हा लग्न केलं नाही. वडिलांना ते त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, आणि त्या न बोलण्यानंच माझे सासरे वाळत गेले. मी घरात आले तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते. अखेरच्या दिवसांत एका दुपारी मी पेज घेऊन गेले, तर अण्णा त्यांचे पाय दाबत बसले होते. सासरे म्हणत होते, "तू मला शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं, सिद्रामा." अण्णांनी दुसरा पाय मांडीवर घेतला. मग म्हणाले, "तुमी खोटं न्हाय बोलला, आप्पा. तुमाला ठाव नव्हतं. ठाव न्हाय म्हणायच्या जागी रिकामी म्हणला, येवढंच." सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. मी पेज तशीच परत आणली.

हेच वाक्य अण्णा आयुष्यभर बोलत आले. हात बरा झाल्यावर ते नळदुर्गातल्या एका म्हाताऱ्या शिकलगाराकडे, म्हणजे हत्यारं घासून नीट करणाऱ्याकडे, जाऊन बसले आणि भरलेली बंदूक रिकामी कशी करायची ते शिकले. तेव्हा गावोगावी अशा बंदुका होत्या. कुणाच्या धान्याच्या बळदात, कुणाच्या माळवदाच्या तुळईवर, आज्यापणज्यानं ठेवलेल्या आणि विसरलेल्या. सापडली की माणूस आमच्या दारात यायचा. अण्णा माझ्या नवऱ्याला बरोबर घेऊन गाडी जुंपायचे. तिथं गेल्यावर आधी घरातली चूल विझवायला लावायचे, विड्या टाकायला लावायचे आणि बायापोरांना शेजारी पाठवायचे. घरधनी हमखास म्हणायचा, "अहो, रिकामीच असंल." अण्णा त्याच्याकडे बघून म्हणायचे, "ठाव न्हाय म्हणावं. रिकामी म्हणू नये."

एकदा अणदूरकडच्या एका पाटलाचा थोरला मुलगा म्हणाला, "इतकी यातायात कशाला? हवेत उडवून टाकू, आपोआप रिकामी होईल." अण्णा गाडीकडे परत निघाले. पाटील मागून धावत आले. अण्णा त्यांना म्हणाले, "आत कुणी किती भरलंय, नळी किती गंजलीया, कुणाला ठाव हाय? नळी फुटली की मोहरं न्हाय बघत, पाटील. धरणाऱ्याचं तोंड आधी बघती." त्या मुलाला पाटलांनी घरात पाठवलं आणि अण्णांनी काम केलं. परत येताना वाटेत ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "पोरगं गिरजाच्या वयाचं हाय रं." गिरजावहिनीचं नाव त्यांच्या तोंडून माझ्या नवऱ्यानं तेवढंच ऐकलं.

पुढं देश स्वतंत्र झाला आणि आमचा मुलूख निजामाकडेच राहिला. रझाकारांची भीती सुरू झाली. गावातले तरुण हद्द ओलांडून निजामाविरुद्ध लढायला सोलापूरकडच्या कॅम्पात जाऊ लागले. माझा नवराही गेला. घरात अण्णा, सासूबाई, मी आणि माझी दोन लेकरं. वर्ष कसं काढलं ते आम्हालाच माहीत. मग त्या भाद्रपदात हिंदी फौज आली आणि निजामाचं राज्य संपलं. गावात गुलाल उधळला. पण त्याच आठवड्यात दुसरंही काही झालं, ज्याबद्दल गाव पुढं कधी मोकळेपणानं बोललं नाही. मौला पिंजारी तुळजापूरच्या बाजाराला गेला होता, तो परत आला नाही. रझाकारांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. लोकांच्या गाद्या पिंजणारा माणूस. त्या दिवसांत कोण कुठं गेलं, हे विचारायचं नाही, असं सगळ्यांनी न ठरवताच ठरवलं होतं. अण्णा मात्र दोनदा त्या वाटेवर जाऊन विचारून आले. हाती काही लागलं नाही.

मौलाची बायको रसूलबी आणि तिची लहान मुलगी घरात दार लावून बसायच्या. माझ्या सासूबाई रोज दुपारी भाकरी पाठवायच्या. एके दिवशी भाकरी घेऊन मी गेले, तर रसूलबीनं मला आत ओढलं आणि वर बोट दाखवलं. छप्पर गळतं म्हणून ती वर चढली होती. कापसाच्या ढिगाऱ्यावर, तुळईच्या मागं, गोणपाटात गुंडाळलेली बंदूक होती.

"मला कायबी मालूम न्हवतं, ताई," ती म्हणाली. "त्यानं कवा ठेवली, कुणाकडनं आणली, अल्ला जाने."

त्याच सकाळी गावात दवंडी झाली होती, की ज्याच्याकडे हत्यार असेल त्यानं चावडीवर आणून द्यावं. नंतर झडतीत सापडलं तर खैर नाही. रसूलबी ती बंदूक घेऊन चावडीवर गेली असती, तर तिचं काय झालं असतं, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, आणि त्यांनी अण्णांना. अण्णा लगेच उठले. रसूलबीच्या घरी वर चढून त्यांनी बंदुकीला हात न लावता नुसतं पाहिलं. खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. बंदुकीचा घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणारा खटका, टोपीवर टेकून गंजून बसला होता. टोपी म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या भोकाच्या बोंडीवर बसवलेली तांब्याची बारीक वाटी. तिच्यावर घोडा आपटला की ठिणगी आत जाते. जरा धक्का लागला असता तर बार उडाला असता, आणि खाली घरभर कापूस.

रसूलबी म्हणाली, "हिरीत टाकून द्या, अण्णा."

"उन्हाळ्यात हिरीचं पाणी आटतंय. पोरं काढतील. दारू वाळली की पुन्हा जिती होती, बाई."

त्या दिवशी त्यांनी रसूलबीची चूल पेटू दिली नाही. घोड्याच्या बुडाशी आणि टोपीच्या भोवती एरंडेल तेल थेंबथेंब सोडलं, मायलेकींना आमच्या घरी पाठवलं आणि स्वतः तिच्या ओसरीवर राखण करत बसून राहिले. सकाळी घरी येऊन ते सासूबाईंना म्हणाले, "धाकला शिवा घरी न्हाय. माझा येकच हात. बाईला माझ्याबरूबर पाठीव."

सासूबाई म्हणाल्या, "तिची दोन लेकरं हायत, सिद्रामा."

"म्हून तर इचारतोय. न्हाय म्हणली तर म्या दुसरं बघतो."

दुसरं काही नव्हतं, हे मला माहीत होतं. गावातला कुणीही तोंड बंद ठेवेल याची खात्री नव्हती. मी पदर खोचला.

अण्णांनी बंदुकीचा घोडा तेलाच्या चिंधीनं आवळून बांधला, नळीचं तोंड सगळ्यांपासून लांब धरून गाडीत कडब्यात ठेवली. आम्ही ओढ्याकाठच्या आमच्या रानात गेलो. तिथं मातीचा उंच बांध आहे. नळीचं तोंड बांधात रोखून अण्णांनी बंदूक एका लाकडाला दोरीनं करकचून बांधली. मला मागं, बाजूला बसवलं. मग आजवर कधी बोलले नव्हते तसे ते थेट माझ्याशी बोलले.

"भ्या वाटतंय?"

मी मान हलवली.

"वाटू दे. मलाबी वाटतंय. आता ऐक. चापाला बोट लावायचं न्हाय. अंगठ्यानं घोडा मागं वढायचा. खट्ट आवाज यील, तरीबी अंगठा सोडायचा न्हाय. म्या टोपी काढूस्तोवर घोडा तुझ्या अंगठ्यावर हाय, असं समज."

त्यांनी घोड्याची चिंधी सोडली. घोडा हलेना. त्यांनी पुन्हा तेल सोडलं, पुन्हा थांबलो. ऊन चढत होतं, ज्वारीच्या रानातून पाखरं उडत होती. शेवटी तो कणाकणानं मागं आला. अण्णांनी घोडा आणि टोपी यांच्यामध्ये चामड्याचा तुकडा सरकवला, मग डाव्या हातात लिंबाची चपटी काडी घेतली आणि टोपी खालून उकलायला लागले. "निधान, निधान." ते मला म्हणत होते की स्वतःला, कळत नव्हतं. टोपी सुटली आणि पाण्याच्या वाटीत पडली. तेव्हा कुठं त्यांनी माझा अंगठा आपल्या दोन बोटांनी हळूच सोडवून घेतला. त्यांचा हात मला लागला तो तेवढाच.

मग त्यांनी बोंडीच्या भोकातून पाणी मुरवायला सुरुवात केली, ओल्या वातीनं, थेंबथेंब. नळीच्या तोंडातूनही बाजूला बसून पाणी ओतलं. बंदूक तशीच बांधून ठेवून आम्ही दोघं दिवसभर तिथंच बसलो. रात्री मी घरी आले, अण्णा राखणीला राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी रसूलबीही आली. अण्णांनी तिला लांब बसवलं. गज नळीत सोडला, जिथं थांबला तिथं खूण केली आणि तोच गज नळीच्या बाहेरून धरून दाखवला. बोंडीपर्यंत पोचायला त्याला वितीहून अधिक अंतर उरत होतं. "येवढं भरलंय," ते म्हणाले.

गजाच्या टोकाला पेचदार आकडी लावून त्यांनी बाजूनंच हात लांब करून पहिली चिंधी ओढून काढली. भिजलेली, पण रंग टिकलेला. रसूलबी लांबून उठून आली.

"ये मेरे कुर्ते का हाय," ती म्हणाली. चिंधी हातात घेऊन ती उलगडत राहिली. "फाटला म्हून त्याला दिला होता, रुई बांधाया."

म्हणजे मौलानं बंदूक स्वतः भरली होती. कधीतरी त्या वाईट दिवसांत, बायकोमुलीला सांगायचं नाही असं ठरवून. चिंधीमागून छर्रे आले, नालीचे मोडके खिळे आले, मग भिजलेली काळी दारू. मी सुटकेचा निःश्वास टाकला, पण अण्णांनी गज पुन्हा आत घातला. तो अजूनही अडत होता. त्यांनी पुन्हा पाणी ओतलं, पुन्हा मुरू दिलं, आणि मग आतून आणखी एक चिंधी निघाली, जुनी, काळी पडलेली. तिच्यामागं दुसरा बार. कुणीतरी फार पूर्वी भरून ठेवला होता, आणि मौलानं रिकामी समजून त्याच्यावर आपला बार ठासला होता.

रसूलबी वेडी नव्हती. ती म्हणाली, "अण्णा, त्यानं ही उडवली असती तर?"

अण्णांना उत्तर माहीत होतं. मलाही माहीत होतं. नळी फुटून मौलाचा चेहराच राहिला नसता. अण्णा नळीत पाणी ओतत होते. बोंडीच्या भोकातून पाण्याची बारीक धार बाहेर आली, आधी काळी, मग स्वच्छ. पाणी आरपार आल्याशिवाय ते कुठल्याच बंदुकीला रिकामी म्हणत नसत. ती धार बघत ते म्हणाले, "ठाव न्हाय, बाई."

काढलेली दारू ओढ्यात सोडली, खिळे पुरले. परत निघायच्या आधी अण्णांनी ती बंदूक पुसली आणि आतबाहेर तेल लावलं. मी म्हणाले, "आता कशाला?" म्हणाले, "वलं लोखंड तसंच टाकू नये." मग आमच्या दारासमोर गाडी न थांबवता ते सरळ चावडीवर गेले आणि बंदूक आपली म्हणून जमा केली.

ते तेलच त्यांच्यावर उलटलं. चावडीवर बसलेल्या नव्या अंमलदारानं नळीचा वास घेतला. ताजं तेल, दारूचा वास, स्वच्छ धुतलेली नळी. जुनी अडगळीतली बंदूक म्हणता, मग ही कालपरवा वापरलेली कशी? कुणासाठी वापरली? अण्णा म्हणाले, भरलेली होती, रिकामी केली. कुणी भरली होती? ठाव न्हाय. सापडली कुठं? यावर ते एवढंच म्हणाले, "माझी हाय म्हणलं न्हवं." रझाकारांची बंदूक लपवली असा संशय धरून त्यांना उस्मानाबादच्या तुरुंगात नेलं.

दिवाळीच्या सुमारास माझा नवरा कॅम्पातून परत आला. त्याच्या गळ्यात हार पडले आणि त्याचा भाऊ तुरुंगात. तो भेटायला गेला. म्हणाला, "अण्णा, खरं सांगा म्हणजे सुटाल. मी रसूलबीसाठी शब्द टाकतो." अण्णा म्हणाले, "तिला इचारतील, कुणी भरली, कुणासाठी भरली. ती म्हणंल, ठाव न्हाय. माझ्यावर इस्वास ठेवला न्हाय, तिच्यावर ठेवतील व्हय?" माझ्या नवऱ्यानं खूप ठिकाणी जोडे झिजवले. शेवटी थंडी सरता सरता त्यांना सोडलं. कसला खटला नाही, कसला निकाल नाही. जा म्हणाले, ते आले.

आले ते दमा घेऊन. तुरुंगातल्या ओल्या फरशीनं छाती धरली होती. उन्हाळाभर ओसरीवर बसून असायचे. रसूलबी रोज सकाळी येऊन त्यांच्या पाठीला गरम तेल लावून जायची. ती त्यांना कधी आभाराचं बोलली नाही आणि त्यांनी तिला बोलू दिलं नसतं. एकदा तिनं विचारलं, "अण्णा, मौला वापस यील का?" मी आत चुलीपाशी होते. आता हे काय म्हणणार? अण्णांना धाप लागली होती. ती ओसरेपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "मला वाटतंय, न्हाय यायचा, बाई." रसूलबीचा तेल लावणारा हात थांबला नाही. पण त्या दिवसानंतर तिनं काचेच्या बांगड्या घातल्या नाहीत.

मृगाच्या आधी अण्णा गेले. आम्हा लिंगायतांत बसवून पुरतात, तसं त्यांना आमच्या मळ्यात बसवलं. गाव जमलं होतं. चावडीवर त्यांच्या बाजूनं काही न बोललेले लोकही आले होते. माणसांच्या मागं, बाभळीखाली रसूलबी मुलीचा हात धरून उभी होती. माझ्या नवऱ्यानं पाहिलं आणि गर्दीतून तिला पुढं बोलावलं. कुणीतरी कुजबुजलं. तो म्हणाला, "माती तिची आधी पडू द्या." तिनं मूठभर माती टाकली, मुलीच्या हातूनही टाकवली.

घरी आल्यावर सासूबाई कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मी चुलीसमोर बसले, पण हात उचलवेना. रसूलबी माझ्याशेजारी येऊन बसली. मग तिनं कोपऱ्यातली लाकडं ओढली, चुलीत सारली आणि म्हणाली, "पीठ मळ, ताई. लेकरं भुकेली हायत."